बसमधला दुभाष्या

वाळूची पिशवी फाटली ती नेमकी शाळेच्या फाटकात, आणि तीही सकाळी पावणेआठला, बस आत शिरायच्या वेळेला. पाच किलो बारीक चाळलेली वाळू रस्त्यावर पसरली आणि मी रिकामी पिशवी हातात धरून तिच्या मधोमध उभी राहिले. मागून बस आली. हॉर्न काही वाजला नाही. मी वळून पाहिलं, तर ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकवून, हनुवटी हातावर ठेवून, सिनेमा बघावा तसा माझ्याकडे बघत होता.

"बांधकाम काढलंय का बाई?" त्यानं विचारलं.

"नाही. वाचन शिकवायचंय."

तो हसला. त्याला वाटलं, मी वैतागून काहीतरी ठोकून दिलं. पण मी खरंच वाळूवर वाचन शिकवते. काही मुलांच्या डोळ्यांसमोर अक्षर शंभरदा आलं तरी ते लक्षात राहत नाही. ती मुलं माझ्याकडे येतात, वाळूच्या ताटलीत बोटानं अक्षर गिरवतात, तोंडानं त्याचा आवाज काढतात, आणि हळूहळू ते त्यांच्या बोटाला आठवायला लागतं. शाळेत मला वाळूच्या बाई म्हणतात. मुलं प्रेमानं म्हणतात, बाकीचे शिक्षक जरा गालातल्या गालात.

ड्रायव्हर खाली उतरला. सीटखालून झाडू आणि सुपली काढली, एक खोकं रिकामं केलं आणि वरवरची स्वच्छ वाळू अलगद त्यात भरायला लागला. बसच्या काचांना चाळीस नाकं चिकटली होती. तो नवीन होता, महिन्याभरापूर्वीच लागलेला. त्याची बोटं लांब होती, मनगटाला वाळू चिकटली होती आणि कपाळावरचे केस तो फुंकर मारून मागे सारत होता. हे सगळं मी तेव्हाच बघून ठेवलं होतं, उगाच साळसूदपणा कशाला करू?

"कुठे पोचवू हे?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, व्हरांड्याच्या टोकाची खोली, सामानाच्या खोलीच्या पलीकडची. त्याचा झाडू थांबला.

"त्या खोलीच्या बाई तुम्ही?"

मी हो म्हटलं. त्यानं खोकं उचलून सरळ माझ्या हातात दिलं, मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं, आणि तो बसमध्ये चढला. मला कळेना, मी असं काय बोलले. दिवसभर ते डोक्यात राहिलं. रात्रीचं जेवण होईपर्यंत मी ही हकिगत वहिनीला तिसऱ्यांदा सांगत होते. वहिनी, म्हणजे माझ्या दादाची बायको, इस्त्री करता करता सगळं ऐकून घेते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते. या वेळी तिनं विचारलं, त्याच्या केसांबद्दल तू दोनदा का सांगितलंस? मी म्हटलं, हकिगत नीट कळावी म्हणून. ती म्हणाली, बरं बाई.

पुढे त्याच्याशी बोलायची वेळ आली ती शेंगमुळे. शेंग दहा वर्षांची, उंच, काटकुळी. मुलांनीच तिला ते नाव ठेवलं होतं आणि तिलाही ते आवडायचं. दीड वर्षापूर्वी ती आई आणि धाकट्या बहिणीबरोबर दूरच्या देशातून आली. आई एका हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. घरात त्यांची भाषा, आणि शाळेत सगळंच्या सगळं इंग्रजी. दीड वर्षात शेंगला खेळण्याभांडण्यापुरतं इंग्रजी आलं होतं, पण वाचन शून्य. पुस्तक समोर आलं की तिचं पोट दुखायचं. सगळे म्हणायचे, भाषा नवीन आहे, येईल हळूहळू. वर्षभर मीही तेच म्हणत होते.

पण मग तिची धाकटी बहीण? तीही त्याच दिवशी आली होती, आणि ती आता दुपारच्या सुट्टीत गोष्टींची पुस्तकं फस्त करायची. तेव्हा माझ्या मनात शंकेनं घर केलं. मुलाला वाचता येत नाही ते फक्त भाषा नवीन म्हणून, की कुठल्याच भाषेत येत नाही, हे शोधायचा मार्ग एकच. त्याच्या घरच्या भाषेत त्याची चाचणी घ्यायची. तिथेही अडत असेल तर अडचण भाषेची नाही, वाचण्याचीच आहे, आणि मग त्या मुलाला माझ्या खोलीतले तास मिळतात, परीक्षेत प्रश्न वाचून दाखवले जातात, जास्तीचा वेळ मिळतो. वार्षिक परीक्षा सहा आठवड्यांवर होती. शेंग चौथीत नापास झाली असती, तर पुढच्या वर्षी तिची धाकटी बहीण तिच्याच वर्गात येऊन बसणार होती.

तिची भाषा शाळेत कोणालाच येत नव्हती. मी ऑफिसात रडगाणं गायला गेले, तेव्हा कारकून म्हणाला, अहो, तो नवा ड्रायव्हर त्या दोघी बहिणींशी रस्ताभर त्यांच्याच भाषेत बडबडत असतो की. त्याचंही मूळ तिकडचंच.

चाचणीला दुभाष्या म्हणून बसाल का, असं मी त्याला विचारलं. तो लगेच हो म्हणाला नाही, बराच वेळ फडक्यानं आरसा पुसत राहिला. मग म्हणाला, ठीक आहे, येईन. तेव्हापासून सकाळच्या फेऱ्या संपल्या की तो अकरा वाजता माझ्याकडे यायचा. आत मात्र यायचा नाही. दाराच्या चौकटीला खांदा टेकवून उभा राहायचा आणि मी टेबलाशी बसून बोलायचे. मधल्या सात पावलांचं अंतर त्यानं कधी ओलांडलं नाही. मला आधी ते मजेशीर वाटलं, मग जरा लागलं.

चाचणीसाठी उतारा लिहायला त्याला मीच सांगितलं होतं. त्यांच्या लिपीत, मोठ्या अक्षरांत, दोन पानांचा. त्यानं टोपी खाणाऱ्या बकरीची गोष्ट लिहून आणली. मला त्यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून तो मला दारातूनच ती वाचून दाखवायचा, बकरीचा आवाज काढून. मी हसायचे. मग तो आणखी आवाज काढायचा. त्यानं एकदा विचारलं, वाचनाच्या खोलीत पुस्तकं इतकी कमी कशी? वाळू, माती, रंगीत पट्ट्या... खोली आहे की दुकान?

"आत येऊन बघा. दुकान असलं तर काहीतरी घेऊन जा," मी म्हटलं.

"इथून दिसतंय मला जे हवं ते," तो म्हणाला, आणि मग एकदम खिडकीकडे बघायला लागला. बाहेर पाऊस भुरभुरत होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मी पेन्सिलींना टोकं करायला घेतली. आधीच टोकदार असलेल्या पेन्सिलींना.

एक गोष्ट मी त्याला बजावली होती. चाचणीच्या दिवसापर्यंत हा उतारा शेंगच्या नजरेला पडता कामा नये, नाहीतर चाचणीला काही अर्थच राहत नाही. तो बरं म्हणाला होता.

चाचणीच्या दिवशी तो पहिल्यांदा आत आला, पण पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. शेंगच्या आईनं कागदावर सही करून संमती दिली होती. शेंग मधे, तो तिच्या डाव्या हाताला, मी समोर. माझ्या एका हातात स्टॉपवॉच होतं, बाजूला आवाज टिपायचं यंत्र. मी सुरुवात कर म्हटलं, त्यानं ते तिच्या भाषेत सांगितलं, आणि शेंगनं वाचायला सुरुवात केली. अडखळली नाही, थांबली नाही. बकरीपाशी आली तेव्हा तिनं आवाजही काढला. तो हसला, मीही हसले. त्याची ती लांब बोटं टेबलावर शब्दांबरोबर हळूच ताल धरत होती. दोन्ही पानांचा उतारा अडीच मिनिटांत संपला.

म्हणजे शेंगला तिच्या भाषेत उत्तम वाचता येत होतं. म्हणजे माझी शंका खोटी होती. मला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही. मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, म्हणाल्या, मी सांगत नव्हते? उगाच प्रत्येक मुलाला तुमच्या खोलीत ओढायला बघता. अहवाल लवकर द्या म्हणजे हा विषय संपेल.

दोन दिवसांनी मी निरीक्षणाचा तक्ता भरायला बसले. त्यात बारीकसारीक रकाने असतात. बोट ठेवून वाचते का, ओळ चुकते का, पान कधी उलटते. त्या शेवटच्या रकान्यापाशी माझं पेन थांबलं. पान कधी उलटलं होतं? काही केल्या आठवेना. मी यंत्र लावून ऐकलं. शेंगचा आवाज, बकरीचा आवाज, त्याचं हसणं, माझं हसणं. कागदाची सळसळ कुठेच नव्हती. पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना माझ्या लक्षात आलं. शेंगनं दुसरं पान वाचलं होतं ते पहिल्या पानाकडे बघत. तिला सगळं तोंडपाठ होतं.

आणि मला ते दिसलं कसं नाही? तेरा वर्षं मी मुलांच्या डोळ्यांकडे आणि बोटांकडे बघण्याची नोकरी करते आहे. त्या अडीच मिनिटांत मी पानाकडे बघितलंच नव्हतं. मी त्याच्या हातांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजायची वाट न बघता मी शाळेमागे उभ्या असलेल्या बसमध्ये चढले. तो स्टिअरिंग पुसत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला, आणि मला त्याचा आणखीच राग आला.

"पानं किती होती?" मी विचारलं.

"दोन."

"तिनं पान उलटलं?"

फडका थांबला.

"किती दिवस पाठ करून घेत होतात?"

"आठ," तो म्हणाला. "जाताना आणि येताना."

"का?"

"तुमच्या त्या खोलीत तिला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून."

मग त्यानं सांगितलं. फडक्याची घडी घालत, उलगडत, माझ्याकडे न बघता. तो नऊ वर्षांचा असताना इथे आला, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. शाळा वेगळी होती, पण तिथेही व्हरांड्याच्या टोकाला एक खोली होती. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असं ठरवून त्याला तिथे बसवलं. रोज मणी ओवायला द्यायचे. संध्याकाळी माळ तोडून मणी परत डब्यात. दोन वर्षं.

"मला सगळं कळत होतं, बाई," तो म्हणाला. "फक्त सांगता येत नव्हतं. पुढे दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मी इंग्रजी शिकलो, पण त्या खोलीतला मुलगा हे लेबल काही सुटलं नाही. शेंगला तसं नको व्हायला, एवढंच होतं डोक्यात."

मला त्याचा राग आला होता आणि त्या नऊ वर्षांच्या मुलासाठी पोटात तुटतही होतं. दोन्ही एकदम वाटत असलं की माणसाला धड भांडताही येत नाही. मी म्हटलं, मी मणी ओवायला देत नाही. पण तुम्हाला ते कसं कळणार, तुम्ही तर चाचणीच्या दिवसापर्यंत दाराच्या आत पाऊलही टाकलं नाहीत. तुमच्या बाबतीत जे झालं ते उलट होतं. तुम्हाला मदत नको होती आणि तुम्हाला खोलीत कोंबलं. शेंगला मदत हवी आहे, आणि तुम्ही तिच्या तोंडावर दार लावलंत. आता कागदावर ती ठणठणीत आहे. परीक्षेत पेपर समोर येईल तेव्हा तिला बकरीची गोष्ट कामाला येणार नाही.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी बसमधून उतरले. घरी आल्यावर वहिनीला काहीच सांगितलं नाही, आणि तिनंही काही विचारलं नाही. तिनं नुसतं माझ्या ताटातलं उरलेलं झाकून ठेवलं.

मी मोठ्या बाईंना लेखी दिलं की चाचणी रद्द समजावी. उतारा मुलीला आधी माहीत होता आणि वाचताना तिनं पान उलटलं नाही, हे परीक्षकाच्या लक्षात यायला हवं होतं, ते आलं नाही. यातला शब्दन् शब्द खरा होता. मोठ्या बाईंनी मला उभ्याउभ्या झाडलं. तेरा वर्षांच्या अनुभवाचा त्यांनी तीन वेळा उल्लेख केला. मुलीला उतारा दाखवला कोणी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, उतारा सांभाळण्याची जबाबदारी माझी होती. त्याचं नाव सांगायला जीभच रेटली नाही. त्या म्हणाल्या, नवीन उताऱ्यावर एकच संधी, पुढच्या शुक्रवारपर्यंत. नाहीतर ती मुलगी इतर मुलांसारखी परीक्षेला बसेल.

पण शाळेच्या ऑफिसात कुठली गोष्ट झाकून राहत नाही. कारकुनानं त्याला सांगितलं की बाईंनी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंय. तो त्याच दुपारी मोठ्या बाईंकडे गेला आणि उतारा पाठ करून घेतल्याचं कबूल करून आला. त्याला लेखी ताकीद मिळाली. दुसरा दुभाष्या मिळण्यासारखा नव्हता, म्हणून चाचणीला तोच बसेल, पण कारकुनासमोर, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तो आला. दारात थांबला. मग सात पावलं चालत आत आला आणि म्हणाला, "बसू का?"

माझ्याकडे तेव्हा तीन मुलं होती. तो सगळ्यात छोट्या खुर्चीवर बसला, गुडघे हनुवटीला लागले. एक मुलगी मातीची अक्षरं वळत होती. एकजण कानाला यंत्र लावून धडा ऐकत होता आणि मला त्यातल्या चुका सांगत होता, कारण डोक्यानं तो वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पुढे आहे. तिसरीनं ड्रायव्हरला वाळूची ताटली दिली. त्यानं त्यांच्या भाषेतलं पहिलं अक्षर काढलं. ती म्हणाली, बसकाका, असं खालून वर नाही जायचं, वरून खाली या, आणि आवाज काढा. त्यानं आवाज काढला. तिनं पुन्हा काढायला लावला, कारण तो पुटपुटत होता. तास संपला, मुलं गेली, तो मात्र बसूनच राहिला.

"मणी कुठे आहेत?" त्यानं विचारलं.

"नाहीतच."

"शोधले मी," तो म्हणाला. "कपाटाच्या खालीसुद्धा वाकून बघितलं." त्याचे डोळे भरून आले होते. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याच्या शेजारच्या तेवढ्याच छोट्या खुर्चीवर मीही बसले.

गुरुवारी सकाळी शेंगची आई कामावर जाता जाता येऊन गेली. नव्या उताऱ्यासाठी तिनं गावाकडच्या विहिरीची एक छोटीशी आठवण सांगितली, त्यानं ती माझ्यासमोर लिहून काढली आणि कागद लगेच माझ्या टेबलाच्या खणात गेला. अर्ध्या तासानं चाचणी सुरू झाली. कारकून कोपऱ्यात बसला. ड्रायव्हरनं स्वतःची खुर्ची उचलली आणि शेंगकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केलं. मला म्हणाला, माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळायला नको. शब्दाला शब्द सांगेन, आपल्याकडचं काही घालणार नाही, काही गाळणार नाही.

शेंगनं कागद बघितला. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. मी या वेळी फक्त तिचं बोट बघत होते. एक मिनिट गेलं. तिनं एक आवाज काढला, मग दुसरा, मग परत पहिल्यावर आली. पोटाशी हात नेला. तीन मिनिटं झाली आणि पहिली ओळ अर्धीसुद्धा झाली नव्हती. ती हळू आवाजात काहीतरी बोलली.

"म्हणते, पुढच्या अक्षराकडे गेलं की मागचं पुसून जातं," तो भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाला. "म्हणते, आमच्या गावच्या शाळेतसुद्धा असंच व्हायचं."

मग शेंग त्याच्या पाठीकडे बघून बोलली. आधीपेक्षा जास्त, तुटक तुटक. ती थांबली तरी तो काही बोलेना. कारकुनानं मान वर केली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

त्याचे खांदे वर गेले, खाली आले.

"म्हणते... काका, तुम्ही इतक्या आशेनं शिकवत होता, म्हणून मी पाठ केलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं." तो थांबला. "म्हणते, मला वाचायला शिकायचंय. मला वाळूच्या बाईंच्या खोलीत जायचं होतं, पण तुम्हाला ती खोली आवडत नाही."

त्यानं शब्दाला शब्द सांगितलं होतं. मी शेंगच्या हातातला कागद काढून घेतला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हटलं, सोमवारपासून. तिला तेवढं कळलं. ती उठून त्याच्या पाठीला जाऊन चिकटली, आणि तो अजून भिंतीकडेच तोंड करून बसला होता.

मी गुण काढले. कोणी बोट ठेवायला नको म्हणून ते सगळे कागद दुसऱ्या शाळेतल्या एका परीक्षक बाईंकडून तपासून आणले. त्या ना मला ओळखत होत्या, ना त्याला. निष्कर्ष तोच निघाला. शुक्रवारी दुपारी चार वाजता अहवाल तयार झाला आणि मी शेवटच्या पानावर सही घ्यायला त्याला बोलावलं. तो आता सरळ आत यायचा.

त्या पानावर दोन ओळी असतात. दुभाष्याचं विद्यार्थ्याशी नातं. दुभाष्याचं परीक्षकाशी नातं. दोन्हींपुढे मी घाईघाईनं 'नाही' लिहून टाकलं होतं. त्यानं ते वाचलं, पेन उचललं आणि परत ठेवलं.

"ही सही मला करता येत नाहीये," तो म्हणाला.

"का?"

"एकदा खोटं करून बसलोय. या मुलीच्या कागदावर पुन्हा नको."

"यात खोटं काय आहे?"

तो दुसऱ्या ओळीकडे बघत राहिला. "तुमच्या बाजूनं नसेल," तो म्हणाला. "माझ्या बाजूनं आहे..."

माझं पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं. दोघांपैकी कोणीही ते उचललं नाही. छातीत इतकं धडधडत होतं की कारकुनाला ऑफिसात ऐकू जाईल असं मला वाटलं. मी मात्र परीक्षकाच्या आवाजात विचारलं, "कधीपासून?"

"तारीखही लिहायची आहे का?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. मला त्याच क्षणी त्याला काय काय सांगायचं होतं. पण टेबलावर शेंगचा कागद होता, आणि त्यावर एक खाडाखोड झाली असती तरी मोठ्या बाईंनी तो परत पाठवला असता. मी म्हटलं, हे बघा, यात नातं म्हणजे सोयरीक, लग्न, ठरलेलं लग्न. मनात काय आहे त्याला सरकारनं अजून रकाना दिलेला नाही. तुम्ही मला काही विचारलेलं नाही आणि मी काही उत्तर दिलेलं नाही. गुण तर तिसऱ्याच बाईंनी तपासलेत. आज, चार वाजून दहा मिनिटांनी, 'नाही' हेच खरं आहे.

त्यानं घड्याळ बघितलं. मग सही केली, जरा वाकडी.

मी अहवाल घेऊन ऑफिसात पळाले. मोठ्या बाईंनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी त्यांनी सही केली, कारकुनानं शिक्का मारला. शेंगला प्रश्न वाचून दाखवायचे, अर्धा तास जास्त द्यायचा, आणि सोमवारपासून रोज दोन तास माझ्या खोलीत. माझ्या हातात प्रत देताना मोठ्या बाई म्हणाल्या, या वेळी काम चोख केलंत.

बाहेर आले तेव्हा मुलं बसमध्ये चढत होती. शेंग ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, बहिणीच्या शेजारी बसली होती. मी तिला खिडकीतून शिक्का दाखवला. तो माझ्याकडे बघत होता, हनुवटी हातावर नव्हती, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

"झालं," मी म्हटलं. "पण एक अडचण आहे."

"काय?"

"पुढच्या वर्षी तिची फेरचाचणी असते. तेव्हा मला दुसरा दुभाष्या बघावा लागेल."

त्याचा चेहरा उतरला. "आज काही चुकलं का माझं?"

"नाही. पण तो रकाना पुढच्या वर्षीही असणार," मी म्हटलं. आवाज स्थिर ठेवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. "आणि तेव्हा त्यात 'नाही' लिहिलं तर ते खोटं ठरेल. माझ्या बाजूनंसुद्धा."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग ते हळूहळू त्याच्या डोळ्यांत आलं, ओठांवर आलं, आणि त्यानं मान खाली घालून स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मागून मुलं ओरडायला लागली की काका, चला ना. त्यानं मान वर केली.

"दुभाष्या मी शोधून देतो," तो म्हणाला. "वर्ष आहे हातात."

मी दारातून चढले. शेंगनं बहिणीला सरकवून माझ्यासाठी जागा केली आणि मी बसले. त्या दिवशी बस सात मिनिटं उशिरा सुटली.